एक किडनी पुरते, पण कुणाला?

एका किडनीवर भागतं, हे माणसाला आधी कुत्र्यांनी दाखवून दिलं. जर्मनीतल्या हायडेलबर्गला गुस्ताव्ह सिमॉन नावाचे सर्जन होते. त्यांच्याकडे आलेल्या मार्गारेटा क्लेब या बाईंची मूत्रवाहिनी आधीच्या एका ऑपरेशनमध्ये दुखावली होती आणि लघवी भलत्याच वाटेने सतत गळत होती. तक्रार किडनीची नव्हतीच, नळीची होती. पण सगळे उपाय हरल्यावर त्या बाजूची किडनीच काढावी, असं सिमॉन यांच्या मनात आलं. उरलेली एकटी भार ओढेल का, हे पाहायला त्यांनी आधी कुत्र्यांच्या किडन्या काढल्या. कुत्री जगली. मग २ ऑगस्ट १८६९ रोजी क्लेबबाईंची किडनी निघाली, त्याही वाचल्या. तेव्हापासून ‘एक पुरते’ हे सर्जनांच्या डोक्यात असं बसलं की पुढची शंभर वर्षं त्यावर कुणी फारसा वाद घातला नाही.

फारसा म्हणायचं, कारण एक अपवाद लगेच झाला, आणि तोही त्याच गावात. सिमॉन यांच्या जागी आलेले विन्सेंझ चेर्नी यांनी १८८७ मध्ये किडनीतली गाठ तेवढी कापली आणि उरलेली किडनी जागेवर ठेवली. अर्धवट किडनी काढण्याच्या ऑपरेशनची कुळी इथून सुरू होते. ती वाढली मात्र नाही. अडसर होता रक्ताचा. हृदयातून निघालेल्या रक्ताचा सुमारे पाचवा हिस्सा दोन किडन्यांकडे जातो. तिथे चाकू लावला की जखम भळाभळा वाहते, आणि टाका घालावा तर तो मऊ मांसातून फाटून येतो. १९०१ मध्ये मॅक्स ब्रोडेल या वैद्यकीय चित्रकाराने (सर्जनाने नव्हे!) किडनीवर कमी रक्ताची एक रेषा दाखवली. १९५४ मध्ये ग्रेव्हज यांनी सांगितलं की किडनीच्या धमनीच्या फांद्या एकमेकींना मिळत नाहीत. जी फांदी बंद पडेल तिच्यापुरता तुकडा मरतो. कापायचा नकाशा असा तुकड्यातुकड्याने हाती आला. पण १९६० च्या दशकात टोरांटोच्या रॉबसन यांनी किडनी, भोवतालची चरबी, वरची ग्रंथी असं सगळं एकगठ्ठा काढण्याची पद्धत रूढ केली आणि नकाशा पुन्हा कपाटात गेला. ज्याला जन्मतःच एक किडनी आहे किंवा ज्याच्या दोन्हींत गाठी आहेत, अशा नाइलाजाच्या रुग्णांपुरताच तो बाहेर यायचा.

तो कायमचा बाहेर काढला सोनोग्राफी आणि सीटी स्कॅनने. पोटदुखीसाठी म्हणून तपासणी करावी आणि किडनीत दोन-तीन सेंटिमीटरची गाठ दिसावी, असं वारंवार होऊ लागलं. लिंबाएवढ्या गाठीसाठी अख्खी किडनी टाकायची? क्लीव्हलँडच्या अँड्र्यू नोविक यांनी हा प्रश्न लावून धरला.

आज गाठ तेवढी काढण्याचं हे ऑपरेशन दुर्बिणीतून किंवा रोबोटनेही होतं, पण मर्म तेच आहे. धमनीला चिमटा लागतो आणि कुणीतरी घड्याळ लावतं. तांबूस किडनी बघता बघता फिकट पडते. गाठीभोवती निरोगी मांसाची पातळ कड ठेवून गाठ उचलायची, उघडी पडलेली मूत्राची वाट शिवायची, मग खड्डा मिटवायचा. हे अर्ध्या तासाच्या आत आटपावं लागतं. त्यापुढे वाचवलेल्या भागालाच इजा होऊ लागते. वेळ लागणार असेल तर किडनी बर्फाच्या चुऱ्यात ठेवतात. चिमटा निघतो, रंग परततो.

एवढा खटाटोप कशासाठी, याचं उत्तर २००६ मध्ये न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग रुग्णालयातून आलं. ६६२ रुग्ण, सगळ्यांना दोन किडन्या, रक्तातलं क्रिएटिनिन (किडनीचं काम जोखायचा नेहमीचा आकडा) नॉर्मल. तरीही गाळण्याच्या क्षमतेचा हिशोब मांडल्यावर २६ टक्क्यांची किडनी ऑपरेशनआधीच कमकुवत निघाली. ‘एक पुरते’ हा भरवसा किडनीदात्यांवरून पक्का झाला होता, आणि दाता तर पारखून निवडलेला धडधाकट माणूस. गाठीचा रुग्ण साठीचा, बीपी-शुगर असलेला.

दुसरी बाजूही सांगायला हवी. युरोपातल्या ५४१ रुग्णांच्या चाचणीत, जिचे निष्कर्ष २०११ मध्ये आले, किडनी वाचवलेले रुग्ण जास्त जगले नाहीत. किडनी पूर्ण निकामी होण्याचं प्रमाणही दोन्हीकडे जवळजवळ सारखंच राहिलं. ऑपरेशनने गेलेली ताकद एकदाच जाते आणि बहुधा तिथेच थांबते. आजाराने जाणारी मात्र झिजत राहते. म्हणून माझ्या मते या तंत्राचा खरा हक्कदार तो, ज्याची किडनी आधीच झिजू लागली आहे.

आणि असे लोक बुलढाणा जिल्ह्यात शोधावे लागत नाहीत. पूर्णा नदीच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा अमरावती, अकोल्यातून इकडे शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोदपर्यंत येतो. बोअरचं पाणी क्षारांनी जड, उन्हाळा रणरणता, आणि किडनीचे रुग्ण गावोगावी. लोक बोट पाण्याकडे दाखवतात. बीपी, मधुमेह आणि अंगदुखीच्या गोळ्या यांचाही वाटा त्यात आहेच. इथल्या माणसाच्या किडनीत गाठ निघाली, तर नुसत्या ‘क्रिएटिनिन नॉर्मल’वर विसंबू नये. लघवीतून प्रोटीन जातंय का, ते बघावं. डीटीपीए स्कॅन करून कुठली किडनी किती काम करते, त्याची टक्केवारी काढावी. डावी साठ आणि उजवी चाळीस असेल आणि गाठ डावीत असेल, तर ‘दुसरी आहे ना’ या दिलाशाला फार अर्थ उरत नाही. गाठ मोठी किंवा अगदी मध्याशी रुतलेली असेल तर अख्खी काढणंच शहाणपणाचं, हेही खरं.

ऑपरेशननंतरची पथ्यं साधी आहेत: बीपी आटोक्यात, मीठ बेताचं, तंबाखू बंद, क्रिएटिनिन आणि लघवीची तपासणी ठरल्या वेळी, मेडिकलमधून मनाने आणलेली दुखण्याची गोळी नाही. डिस्चार्ज कार्डावर बहुधा आणखी एक ओळ असते, पाणी भरपूर प्या म्हणून. संग्रामपूरकडे परतणाऱ्याने ते कुठलं प्यायचं, हँडपंपाचं, विकतच्या जारचं की वान धरणाच्या नळाचं, हे डॉक्टरला तिथेच, कार्ड हातात असतानाच विचारावं.