झेल्याचा दांडा, त्याचा सांधा आणि झाडावरचा एक मोकळा हात

मंडळी, आंब्याचा हंगाम आला की आपण सगळे भावावर बोलतो. पेटी कितीला गेली, वाशीला आवक किती, कर्नाटकचा आंबा हापूस म्हणून कोण खपवतंय, २०१८ साली मिळालेल्या भौगोलिक मानांकनाचा शेतकऱ्याला फायदा किती. हे सगळं बोलायलाच हवं. पण फळ चाळीस फुटांवरून खाली कसं येतं, यावर कोणी पोस्ट लिहीत नाही. म्हणून आज जरा लांबलचक लिहितोय. विषय वरवर अगदीच किरकोळ आहे: झेल्याचा दांडा जिथे जोडतात, तो जोड. वाचून झाल्यावर किरकोळ वाटला तर खुशाल सांगा.

आधी हंगामाला बाहेरून येणाऱ्या मित्रांसाठी थोडं. हापूस झोडपून पाडत नाहीत. जमिनीवर पडलेला आंबा आतून दुखावतो, तो पेटीत गेला की शेजारच्यालाही घेऊन बसतो. देठ मुळापासून तुटला तर चीक सालीवर ओघळतो आणि काळा डाग पडतो. म्हणून चौदा आणे तयार झालेलं फळ, उन्हं चढायच्या आत किंवा उतरल्यावर, थोडा देठ ठेवून काढायचं, ही आपल्याकडची रीत. त्यासाठी लांब काठी, टोकाला कडं, कड्याला जाळी. कुणी घळ म्हणतं, कुणी झेला. दापोलीचं कोकण कृषी विद्यापीठ १९७२ साली सुरू झालं. त्याने याच झेल्यात सुधारणा करून ‘नूतन झेला’ आणला. कड्याला पातं बसवलं, म्हणजे फळ ओढून न तोडता देठासकट कापून जाळीत येतं. कोकणासाठी झालेल्या चांगल्या कामांपैकी हे एक, असं माझं मत आहे.

सुधारणा झाली ती टोकाला. दांडा मात्र बराच काळ होता तसाच राहिला.

दांडा म्हणजे बांबू. आपल्याकडचा माणगा सरळ वाढतो, काटे नसतात आणि जवळजवळ भरीव असतो. ताकदीला उत्तम, पण लांब केला की जड. पोकळ बांबू हलका, पण टोकाला वजन आलं की वाकतो. शिवाय हवा तेवढा लांब आणि सरळ बांबू एका तुकड्यात मिळाला तरी दहा-दहा मीटरवर लावलेल्या, फांद्या एकमेकींत घुसलेल्या जुन्या कलमांतून तो फिरवायचा कसा? म्हणून दोन तुकडे. एकावर एक हात-दीड हात चढवायचे आणि दोन जागी काथ्याने करकचून बांधायचे. नंतर सुतळी आली, नायलॉन आलं, आणि सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी आली. ट्यूबची पट्टी आजही कितीतरी बागांत दिसते.

ही बांधणी वाईट नाही. वर्षानुवर्षं तिने काम केलंय. पण तिला तीन गोष्टी लागतात: वेळ, दोन हात आणि पाय टेकायला जमीन. यातला ‘दोन हात’ लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

लांब काठीचे तुकडे जोडायचा हा प्रश्न फक्त आपला नाही. जगात तो अनेकांना पडला आणि प्रत्येकाने आपापल्या गरजेनुसार सोडवला.

सैनिकांना पडला. सतराव्या शतकात बंदुकीच्या नळीतच सुऱ्याची मूठ खुपसायचे. सुरा बसला की गोळी झाडता येत नसे. त्याच शतकाच्या अखेरीस नळीवर बाहेरून बसणारी कडी आली. तिला वाकडी खाच, नळीवर छोटी खुंटी. ढकला, फिरवा, अडकलं. फ्रान्सचा किल्लेबांधणी करणारा व्होबाँ याचं नाव या बदलाशी जोडलं जातं. याला संगिनीचा सांधा म्हणतात, आणि तो तुम्ही लहानपणापासून हाताळलाय. आपल्या घरातल्या जुन्या बल्बच्या बुडाला ज्या दोन खुंट्या असतात ना, होल्डरमध्ये दाबून फिरवायच्या, तोच हा सांधा.

गळ टाकून मासे पकडणाऱ्यांना पडला. त्यांच्या लांब काठ्या आधी दोऱ्याने बांधायचे, आपल्या काथ्यासारख्याच. एकोणिसाव्या शतकात तिथे घट्ट बसणाऱ्या पितळी नळ्या रुळल्या. काठीचे तुकडे पिशवीत घालून नदीवर जायचं आणि तिथे जोडायचे.

छत्रीवाल्यांना पडला. १९२० च्या दशकात जर्मनीत हान्स हाउप्ट याने एकात एक सरकणाऱ्या नळ्यांची दुमडती छत्री केली. पायाच्या दुखण्यामुळे त्याला काठी वापरावी लागायची, वर लांब छत्री सांभाळणं जमेना, म्हणून त्याने हा उद्योग केला असं सांगतात. पावसाळ्यात आपण जो खटका दाबून छत्री मिटतो, तो त्याच घराण्यातला.

आणि गॉल्फवाल्यांनाही पडला. रत्नागिरीत गॉल्फ कोण खेळतंय म्हणाल, पण दाखला उपयोगी आहे. गॉल्फच्या काठीचा दांडा पूर्वी हिकरी नावाच्या लाकडाचा असे. ब्रिटनच्या नियमकर्त्यांनी १९२९ मध्ये पोलादी नळीला मान्यता दिली. दांडा पोकळ झाला म्हटल्यावर तो तुकड्यांत करून खटक्याने जोडायची, प्रवासात बॅगेत न्यायची सोय शक्य झाली. २००८ पासून काठीचे काही भाग जुळवून घ्यायला नियमांनी जास्त मोकळीक दिली, पण एक अट कायम ठेवली: जोड पक्का हवा, खेळ चालू असताना सैल होता कामा नये. करमणुकीच्या खेळात सांध्यासाठी लेखी नियम आहे. आपल्याकडे ज्या सांध्याखाली माणूस उभा असतो, त्याच्याबद्दल नियम सोडा, कोणी चकार शब्द काढत नाही.

आता आपल्या दांड्याकडे येऊ. बाजारात ॲल्युमिनियमचे आणि फायबरचे जोडदांडे मिळतात. त्यात बहुतेक वेळा साधी युक्ती असते. आतल्या नळीत इंग्रजी व्ही आकाराची पोलादी पट्टी, तिच्या टोकाला बोंड. बाहेरच्या नळीला भोक. आतली नळी सरकवत नेली की बोंड भोकातून टकक्न बाहेर येतं. काढायचं तर अंगठ्याने बोंड दाबा आणि ओढा. ॲल्युमिनियमची कुबडी कमी-जास्त उंच करताना हेच बोंड दाबतात. पट्टीची किंमत नगण्य, पण सगळा भार तिच्या भरवशावर.

किती भार? हिशोब करून बघा. हापूसचं एक फळ साधारण पाव किलोचं. चार फळं जाळीत आली की एक किलो. दांडा आडवा धरून पाच मीटरवर एक किलो तोलायचं म्हणजे, तरफेच्या हिशोबाने, अर्ध्या मीटरवर दहा किलो तोलण्याइतका जोर. यात कडं, पातं आणि दांड्याचं स्वतःचं वजन धरलेलंच नाही. सांध्यात नुसती एक अंशाची ढिलाई असेल तर त्याच्या पुढच्या पाच मीटरच्या टोकाला जवळजवळ नऊ सेंटीमीटरचा हेलकावा बसतो. म्हणजे पातं देठावर न लागता फळावर लागणार. म्हणून चांगल्या दांड्यात एक नळी दुसरीत बोटभर नव्हे, चांगली वीतभर आत गेलेली असते. भार त्या वीतभर मिठीने पेलायचा असतो, बोंडाने फक्त नळीला सरकू द्यायचं नसतं. दांडा विकत घेताना रंग बघू नका, ही मिठी किती आहे ते बघा.

आता त्या दोन हातांची गोष्ट.

जमिनीवर उभा माणूस पंधरा फुटांच्या दांड्याने वीस फुटांपर्यंत पोचतो. आपली आजोबा-पणजोबांच्या काळातली कलमं त्याच्या दुप्पट उंच आहेत. म्हणजे दांडा कितीही चांगला असला तरी वरच्या फळांसाठी कोणाला तरी चढावंच लागतं. चढलेल्या माणसाचा एक हात फांदीला असतो, असायलाच हवा. उरला एक हात. त्या एका हाताने काथ्याची गाठ मारता येत नाही. मग तो काय करतो? एकतर पूर्ण लांबीचा बांबू फांद्यांतून ओढत वर नेतो आणि तोल घालवतो. नाहीतर आखूड काठी घेऊन चढतो आणि फळ हाताशी यावं म्हणून बारीक फांदीवर सरकतो. नाहीतर फांदीचा हात सोडतो. तिन्ही वाटांचा शेवट तुम्हाला माहीत आहे. आंब्याची फांदी मोडताना विचारत नाही.

खटक्याच्या सांध्याचा खरा फायदा इथे आहे. आखूड तुकडे पाठीला लावून चढायचं, जाड फांदीवर नीट बसायचं, दांडा बेचक्यात टेकवायचा आणि पुढचा तुकडा एका हाताने सरकवायचा. टकक् आवाज झाला की काम झालं. बारीक फांदीवर माणसाने जायचं नाही, दांड्याने जायचं. झटपट जोडणं-सुटणं ही वेळ वाचवायची चैन असेल गॉल्फवाल्यांना. आपल्याकडे तो माणसाचा दुसरा हात फांदीवर ठेवायचा उपाय आहे.

पण नवं म्हणजे सगळं चांगलं, असंही नाही. तीन गोष्टी सांगतो.

एक, ॲल्युमिनियममधून वीज वाहते. कितीतरी बागांवरून विजेच्या तारा गेल्यात. बांबूला जी तार चुकून लागली असती तर कदाचित निभावलं असतं, तिथे ॲल्युमिनियमचा दांडा माणूस घेऊन जाईल. तारेजवळच्या झाडांना तो दांडा नकोच. फायबरचा असला तरी ओला नको, आणि कोरडा असला तरी तारेपासून लांबच.

दोन, आपली हवा खारी. पोलादी पट्टी ॲल्युमिनियमच्या नळीत, वर खारा दमटपणा आणि आंब्याचा चीक. पट्टी गंजते, बोंड अर्धवट बाहेर येतं, भोक झिजून लांबट होतं. हंगामात रोज संध्याकाळी दांडा पुसून, सुटा करून, कोरडा ठेवा. बोंड पूर्ण बाहेर आलं नाही तर तो दांडा वर नेऊ नका.

तीन, सांधा सुटला तर वरचा तुकडा कड्या-पात्यासकट खालच्याच्या डोक्यावर येतो. प्रत्येक तुकडा खालच्या तुकड्याला बारीक दोरीने बांधून ठेवा. हा उपाय पाच मिनिटांचा आहे.

आता मुद्द्याचं. झाडावर चढतं कोण? बहुतेक बागमालक नाही. चढतो गडी. गेली कित्येक वर्षं आपल्या बागा राखायला आणि आंबा उतरवायला नेपाळची माणसं येतात, बायकापोरांसकट बागेतच राहतात. तो पडला तर काय? राज्याची गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजना आहे. २०२३ पासून तिच्यात विमा कंपनी मध्ये न ठेवता थेट सानुग्रह अनुदान मिळतं. मृत्यू झाल्यास दोन लाख रुपये. उंचावरून पडून झालेला अपघात त्यात धरलेला आहे. चांगली योजना आहे. पण ती सातबारावर नाव असलेल्या खातेदारासाठी आणि त्याच्या घरातल्या एका माणसासाठी आहे. ज्याचं नाव कुठल्याच सातबारावर नाही आणि जो सगळ्यात वरच्या फांदीवर आहे, तो त्यात कुठे बसतो?

हापूसचं झाड मुळात सांध्यातूनच आलेलं. रायवळच्या खुंटावर हापूसची काडी बांधून केलेलं कलम. तो सांधा जमावा म्हणून आपल्या आधीच्या पिढ्यांनी केवढी काळजी घेतली. तीच काळजी दांड्याच्या सांध्याची आणि तो धरणाऱ्या माणसाची घ्यायला काय हरकत आहे?

माझ्या मागण्या साध्या आहेत. विद्यापीठाने झेल्याच्या पात्यावर काम केलं, तसं आता जोडदांड्याच्या सांध्यावर करावं. खाऱ्या हवेत टिकणारा, वीज न वाहणारा, एका हाताने लागणारा. ट्रॅक्टर आणि ग्रासकटरच्या अनुदानाची चर्चा गावोगाव होते, तशी या दांड्याचीही व्हावी. जुन्या उंच कलमांची छाटणी करून ती बुटकी करायची शिफारस आहेच, ती मनावर घ्या. दोन-तीन वर्षं उत्पन्न कमी येईल, पण झाड माणसाच्या आवाक्यात येईल. आणि बागमालकांनो, गड्याचा अपघात विमा हंगामाआधी स्वतःच्या खर्चाने काढा. एका पेटीच्या पैशात बरंच होतं.

तुमच्या बागेत दांडा कसा जोडता, काथ्या, ट्यूब की खटका? खाली लिहा. कुणी गावातल्या वेल्डरकडून स्वतःच्या डोक्याने सांधा करून घेतला असेल तर फोटो टाका. आपल्याकडे असे कारागीर आहेत, फक्त त्यांना कोणी विचारत नाही. आणि हंगाम सुरू व्हायच्या आधी उद्याच दांडा खाली काढून प्रत्येक बोंड एकदा दाबून बघा.