दोन जहाजे, दोन किनारे

यवतमाळ जिल्ह्यातील फुलसावंगीच्या मुलाला समुद्र प्रथम भेटतो तो भूगोलाच्या पुस्तकात. तथापि नौकानयनाचा इतिहास केवळ किनाऱ्यावरच्या लोकांचा, असे आम्हांस वाटत नाही. आमच्या भागातील पैनगंगेचे पाणी वर्धा, प्राणहिता व गोदावरी या वाटेने अखेर बंगालच्या उपसागरास मिळते. सागवानही येथे कोणास ओळखून दाखवावे लागत नाही. या दोन ओळखींच्या आधारे दोन जहाजांची हकिकत वाचकांपुढे ठेवीत आहोत.

१७३६ साली सुरतेहून मुंबईस आलेल्या लवजी नसरवानजी वाडिया यांच्या घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या जहाजे बांधली. युद्धांमुळे इंग्लंडात ओकच्या लाकडाची टंचाई झाली होती आणि मलबारी साग अधिक टिकाऊ ठरला होता. ओकमधील आम्लाने लोखंडी खिळे गंजतात, सागातील तेल त्यांना जपते. अशा सागाची 'ट्रिंकोमाली' ही युद्धनौका १२ ऑक्टोबर १८१७ रोजी मुंबईत पाण्यात उतरली. १८९७ साली ती मोडीत निघायची वेळ आली, तेव्हा एका गृहस्थाने ती विकत घेऊन मुलांच्या प्रशिक्षणासाठी वापरली. पुढे ईशान्य इंग्लंडातील हार्टलपूल येथे तिची डागडुजी झाली, ती २००१ साली पूर्ण झाली. आज ती तेथे तरंगते संग्रहालय आहे. एका दिवसाच्या सहलीत मुले तिच्या मजल्यांवर हिंडतात, वाकून खालच्या कक्षांत शिरतात, तोफांजवळ उभी राहतात. काठावर अठराव्या शतकातील बंदरही पुन्हा उभारले आहे.

दुसरे जहाज 'विक्रांत'. ते त्याच ईशान्य इंग्लंडात, टाइन नदीकाठी बांधले गेले आणि १९४५ साली पाण्यात उतरले. ४ मार्च १९६१ रोजी ते भारतीय नौदलात दाखल झाले. डिसेंबर १९७१च्या युद्धात त्याच्यावरून उडालेल्या विमानांनी चितगाव व कॉक्स बाजार येथे मारा केला. आमची पैनगंगा जेथे पोहोचते, तोच हा उपसागर. ३१ जानेवारी १९९७ रोजी ते निवृत्त झाले. २००१पासून मुंबईत संग्रहालय म्हणून लोकांनी ते पाहिले. २०१२ साली ते बंद झाले, २०१४ साली लिलावात सुमारे साठ कोटी रुपयांना विकले गेले आणि त्याच वर्षी मुंबईतच तोडले जाऊ लागले.

मुंबईत घडलेले जहाज इंग्लंडात राहिले, इंग्लंडात घडलेले मुंबईत भंगारात गेले. याचे कारण केवळ अनास्था, असे म्हणणे अन्यायाचे होईल. पोलादी सांगाडा खाऱ्या पाण्यात सतत झिजतो. एवढ्या मोठ्या नौकेस कायमची जागा लागते, दरसाल खर्च लागतो. परंतु विशाखापट्टणम येथे 'कुरसुरा' ही पाणबुडी किनाऱ्यावर ओढून घेतली गेली आणि २००२पासून ती लोकांना आतून पाहता येते. तरतूद वेळीच केली, तर वारसा टिकतो, हे आपल्याच देशाने दाखविले आहे.

शाळेच्या सहली काढणाऱ्या शिक्षकांस आमची विनंती आहे. एखादी सहल विशाखापट्टणमला न्यावी. निघण्यापूर्वी मुलांकडून नकाशावर पैनगंगेची वाट समुद्रापर्यंत बोटाने गिरवून घ्यावी. 'विक्रांत' त्यांना दाखविता येणार नाही, ते का, हेही सांगावे.