तळटीप : ‘टॉर्च’ चाचणीतील सायटोमेगॅलोव्हायरस

आयजीएम पॉझिटिव्ह म्हणजे ताजा संसर्ग, हे लेखकाचे गृहीतक मान्य करता येत नाही. हा विषाणू शरीरात शिरला की जन्मभर सुप्त राहतो. आयजीएम प्रतिपिंडे कित्येक महिने टिकतात आणि जुना विषाणू उसळला तरी दिसू शकतात. ‘टॉर्च’च्या रिपोर्टातील तेवढ्या एका ओळीवरून गरोदर बाईला गर्भपात सुचवणे हा तिच्यावर अन्याय आहे. आधी आयजीजीची ॲव्हिडिटी, म्हणजे प्रतिपिंडाची पकड, पाहावी. पहिल्या तिमाहीतच ती घट्ट आढळली, तर पहिला संसर्ग बहुधा गर्भधारणेपूर्वीचा असतो.

भारतात बहुतेक स्त्रियांना हा संसर्ग लहानपणीच होऊन गेलेला असतो, मग विषाणूच्या जनुकीय तपासणीचा खटाटोप कशाला, असा आक्षेप घेतात. उलट, म्हणूनच ती हवी. जुनी प्रतिकारशक्ती गर्भाला पूर्ण संरक्षण देत नाही आणि आईला नवा विषाणू बाधला की जुनाच उसळला, हे नेहमीच्या प्रतिपिंड चाचण्यांतून कळत नाही. पीसीआरने यूएल५५ जनुकाचा तुकडा वाढवून त्याचा क्रम वाचला, तर ग्लायकोप्रोटीन बीचे ४ मुख्य प्रकार ओळखता येतात. मात्र तुलनेसाठी त्याच स्त्रीचा आधीचा नमुना हवा. शिवाय सुमारे २,३५,००० बेसजोड्यांच्या जीनोममधले एक जनुक जुळले म्हणून दोन विषाणू एकच ठरत नाहीत. प्रकारावरून बाळाच्या बहिरेपणाचे भाकीत तर मुळीच करू नये. त्याबाबतचे निष्कर्ष परस्परविरोधी आहेत. बाळाचे निदान जन्मानंतर २१ दिवसांच्या आत घेतलेल्या लघवीच्या किंवा लाळेच्या पीसीआरवरून करतात. लाळेत आईच्या दुधातला विषाणू मिसळू शकतो, म्हणून ती पॉझिटिव्ह आल्यास लघवीही तपासावी. — संपादक