जुन्या चौकटीत नवी खिडकी: कॉम आणि डॉटनेट

आज आपण सॉफ्टवेअरच्या इतिहासातला एक सांधा पाहणार आहोत. १९९३मध्ये मायक्रोसॉफ्टने 'कॉम' ही घटक-पद्धती आणली. निरनिराळ्या भाषांत लिहिलेले सुटे भाग एकमेकांशी बोलू शकावेत, हा तिचा हेतू. १९९६मध्ये 'अ‍ॅक्टिव्हएक्स' हे नाव आलं, १९९८मध्ये व्हिज्युअल बेसिक ६ आलं. बटणं, तक्ते, याद्या असे तयार कंट्रोल जोडून लोकांनी हिशेबाचे, गोदामाचे प्रोग्राम उभे केले. मग २००२मध्ये डॉटनेट आलं. आता चालतं घर पाडायचं, की जुन्या चौकटीत नवी खिडकी बसवायची?

तुम्ही म्हणाल, यात तत्त्वज्ञानवाल्यांचं काय काम? बघा, वस्तू 'असते' केव्हापर्यंत, याचं उत्तरच दोन्हीकडे वेगळं आहे. कॉममध्ये वस्तू आपले वापरकर्ते मोजते. कुणी हाती घेतलं की आकडा वाढतो, सोडलं की कमी होतो. शून्य झाला की ती स्वतःला संपवते. डॉटनेटमध्ये सफाई करणारी यंत्रणा सवडीने येते आणि जिच्यापर्यंत पोचायची वाटच उरली नाही अशी वस्तू उचलते.

म्हणून मध्ये दुभाषा बसवावा लागला. नवा कंट्रोल जुन्या प्रोग्रामला द्यायचा, तर त्याच्याभोवती वेष्टण येतं. ते जुन्या बाजूसाठी आकडा मोजतं, आणि तो शून्य होईपर्यंत आतल्या वस्तूला सफाईपासून वाचवतं. उलट दिशेलाही असंच वेष्टण असतं. तिथे सफाई लांबली, की काम संपलेलं एक्सेल मेमरीत तसंच बसून राहतं!

पण आम्हाला महत्त्वाचा वाटतो तो शब्द पाळण्याचा प्रश्न. कॉमचा दंडक असा, की जाहीर केलेला इंटरफेस बदलायचा नाही. भर घालायची तर नवा इंटरफेस, नवा १२८ बिटांचा ओळखक्रमांक. डॉटनेट हा इंटरफेस आपोआप तयार करून देऊ शकतं. सोय मोठी, पण मध्येच एक मेथड घातली की जुन्या प्रोग्रामने लक्षात ठेवलेल्या जागा सरकतात आणि तो कोसळू शकतो. म्हणून जाणकार इंटरफेस स्वतः लिहितात, क्रमांक कायम ठेवतात.

२००८मध्ये व्हिज्युअल बेसिक ६च्या विकसन-साधनाचा आधार संपला, त्यात बांधलेले प्रोग्राम मात्र चालत राहिले. जुन्याच्या घरात नांदायचं, तर नव्याला जुन्याने दिलेला शब्दही सांभाळावा लागतो. तो मोडला, की सकाळी काउंटर उघडून बसलेल्या कारकुनाचं काम अडतं, आणि त्या करारावर त्याची सही कधीच नव्हती.