करवंटीचा चुरा आणि पाण्याचे अभियंते

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून निघालेली पाण्याची पहिली गाडी मुरुडवरून लातूरला पोहोचली, तेव्हा तिच्या १० टाक्यांत सुमारे ५ लाख लिटर पाणी होते. मांजरा धरण आटले होते. त्या गाडीची छायाचित्रे देशभर गेली. पण पाणी आणणे वेगळे आणि ते पिण्याजोगे करणे वेगळे. या दुसऱ्या कामाची माणसे कोठे घडली, हे सहसा कोणी विचारत नाही.

ही विद्याशाखा आपल्याकडे फार जुनी नाही. नागपूरला १९५८ मध्ये सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकीची केंद्रीय संशोधन संस्था निघाली; १९७४ पासून ती 'नीरी' या नावाने ओळखली जाते. परंतु परदेशी पुस्तकांतील शुद्धीकरण केंद्रे मोटारी, पंखे व सुटे भाग मागत. लहान गावाला ते कोठून परवडणार?

महाराष्ट्रातील अभियंते जे. एन. कर्डिले यांनी यावर घरगुती म्हणावा असा तोडगा काढला. १९७३ मध्ये रामटेकला आणि नंतर वरणगाव, चांदोरी येथे त्यांच्या आराखड्याची साधी केंद्रे उभी राहिली. तुरटी घातलेले पाणी खडीच्या थरातून वर चढते. खडीच्या फटींतील वळणांमुळेच ते ढवळले जाते, गाळाचे कण एकमेकांना चिकटतात. यंत्र नाही, वीज नाही.

त्यांची खरी गंमत गाळणीत आहे. वाळूची गाळणी उलट्या प्रवाहाने धुतली, की बारीक वाळू वर बसते. मग सारी घाण वरच्या काही सेंटिमीटरांतच अडकते आणि गाळणी लवकर तुंबते. परदेशात यासाठी वाळूवर अँथ्रासाइट कोळशाचा थर देत. कर्डिले यांनी नारळाच्या करवंटीचा चुरा वापरला. तो वाळूपेक्षा जाड, पण हलका. म्हणून धुतल्यावरही वरच राहतो. जाड घाण चुऱ्यात, बारीक घाण वाळूत. एका उभट बरणीत भिजवलेला चुरा व वाळू हलवून वर्गात हे सहज दाखवता येईल.

१९८१ मध्ये त्यांनी या पद्धतींवर पुस्तकही लिहिले. आज जीवन प्राधिकरणाची 'मित्रा' ही प्रशिक्षण प्रबोधिनी नाशिकलाच आहे. तेथे अभियंत्यांबरोबर केंद्र चालवणाऱ्यांनाही शिकवले जाते, हे मला अधिक मोलाचे वाटते; कारण पहिल्या पावसाचे गढूळ पाणी आले की तुरटी किती वाढवायची, हे रात्रपाळीच्या माणसालाच ठरवावे लागते.