हेलसिंकी १९५२ आणि मुंबईची धावपटू मेरी डिसोझा

मुंबईच्या क्रीडाजीवनाविषयीचे मराठी लेखन प्रामुख्याने गिरगाव, दादर, परळ आणि लालबाग या परिसरात रमते. दादरचे श्री समर्थ व्यायाम मंदिर, गिरणगावातील कबड्डीचे संघ, खो-खोची मैदाने यांची त्यात आस्थेने नोंद होते. माहीमची खाडी ओलांडली की मात्र हे लेखन थबकते. १९५० साली मुंबई महापालिकेच्या हद्दीत आलेल्या वांद्र्यातील एक ख्रिस्ती तरुणी दोनच वर्षांनी ऑलिंपिकमध्ये धावली, ही घटना बहुसंख्य मराठी वाचकांना अपरिचित राहिली ती बहुधा याच कारणाने.

मेरी डिसोझा यांचा जन्म १९३१ चा. १९५१ मध्ये दिल्लीत भरलेल्या पहिल्या आशियाई स्पर्धेत त्यांनी २०० मीटर धावण्यात कांस्यपदक व ४ × १०० मीटर रिले शर्यतीत रौप्यपदक मिळविले. पुढील वर्षी हेलसिंकीला गेलेल्या भारतीय पथकात चार स्त्रिया होत्या. स्वातंत्र्योत्तर काळातील ही पहिलीच वेळ. नीलिमा घोष व मेरी डिसोझा धावण्यासाठी, तर आरती साहा व डॉली नझीर जलतरणासाठी निवडल्या गेल्या. यांपैकी मेरी व डॉली या दोघी मुंबईच्या.

निवड झाली तरी प्रवासखर्चाचा प्रश्न होताच. मेरी यांच्यासाठी मित्रमंडळींनी व शेजाऱ्यांनी नृत्याचा कार्यक्रम आणि हॉकीचा सामना भरवून निधी उभारला. याच स्पर्धेत कुस्तीचे कांस्यपदक मिळविणाऱ्या खाशाबा जाधवांसाठी कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण टाकले, ही हकिकत महाराष्ट्रात सर्वश्रुत आहे. वांद्र्याच्या वर्गणीची आठवण मात्र कोणी ठेवली नाही. राज्यसंस्थेचा हात आखडता होता तेव्हा खेळाडूमागे उभा राहिला तो त्याचा लहानसा समाज. या दृष्टीने गोळेश्वर आणि वांद्रे यांत फारसे अंतर नाही.

हेलसिंकीत मेरी १०० व २०० मीटरच्या प्राथमिक फेरीपुढे जाऊ शकल्या नाहीत. या दोन्ही शर्यती ऑस्ट्रेलियाच्या मार्जरी जॅक्सन यांनी जिंकल्या. परंतु केवळ या निकालावरून मेरी यांच्या कारकिर्दीचे मोजमाप करणे अन्यायाचे ठरेल. त्यांचा दुसरा खेळ हॉकी. १९५३ साली इंग्लंडमधील फोकस्टन येथील आंतरराष्ट्रीय स्पर्धेत त्या भारतीय महिला संघाकडून खेळल्या. भारतीय पुरुषांनी हेलसिंकीत हॉकीचे सुवर्णपदक पटकावले. स्त्रियांच्या हॉकीला ऑलिंपिकमध्ये प्रवेश मिळाला तो थेट १९८० साली, मॉस्कोत. नौकानयनाचीही तीच गत. त्यातील महिलांच्या शर्यती १९७६ च्या माँट्रियल स्पर्धेपासून सुरू झाल्या आणि बल्गेरियासारख्या छोट्या देशाच्या स्त्रियांनी त्या पहिल्याच संधीत दोन सुवर्णपदके जिंकली. दार उघडल्यावर काय घडू शकते, याचे हे उदाहरण. १९५२ मध्ये महिलांसाठी धावण्याची सर्वांत लांब वैयक्तिक शर्यत २०० मीटरची होती. मेरी यांच्यापुढे उपलब्ध असलेली निवडच मुळात एवढी तोकडी होती.

१९५४ च्या मनिला आशियाई स्पर्धेत स्टेफी डिसोझा, ख्रिस्टीन ब्राऊन व व्हायोलेट पीटर्स यांच्यासह त्यांनी रिलेचे सुवर्णपदक जिंकले. विवाहानंतर त्या सिक्वेरा झाल्या व पुढे अमेरिकेत स्थायिक झाल्या. केंद्र शासनाचा ध्यानचंद पुरस्कार त्यांना २०१३ मध्ये, वयाच्या ८२ व्या वर्षी मिळाला.