कर्ता पुरुष आणि त्याचे ओझे

घराचा 'कर्ता' म्हणवून घेणे आपल्याकडे मानाचे समजतात. सांगवीच्या श्रोत्यांपुढे आम्ही आज त्या मानाचा हिशेब मांडणार आहोत.

सरकारी नोंदीप्रमाणे २०२२ साली देशात १,७०,९२४ आत्महत्या झाल्या. त्यांत दर शंभरांत सुमारे बहात्तर पुरुष होते. महाराष्ट्राचा आकडा २२,७४६, म्हणजे सर्व राज्यांत मोठा. बायकांचे दुःख कमी, असा याचा अर्थ नव्हे. परंतु ज्याला आपण खंबीर म्हणून वाढवितो, तोच एवढ्या संख्येने का मोडतो, हे विचारलेच पाहिजे.

गिरणगावाचा इतिहास पाहा. कोकणातून, घाटावरून गडी मुंबईस जाई, खानावळीत जेवी आणि घरी मनिऑर्डर धाडी. गावात त्याची किंमत त्या मनिऑर्डरीवर ठरे. १८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही. हजारोंना काम मात्र परत मिळाले नाही. पगार बुडाला तो सर्वांना दिसला. बाप म्हणून, नवरा म्हणून असलेली पत बुडाली, ती कोणी मोजली नाही. बायकांनी धुणीभांडी केली, डबे केले, चूल विझू दिली नाही. संसार उभा होता. तरी 'बायकोच्या जिवावर खातो' या एका टोमण्याने गडी आतून खचे. कित्येक दारूत बुडाले, काहींनी जीव दिला.

१९ मार्च १९८६ रोजी यवतमाळ जिल्ह्यातील चिलगव्हाणचे शेतकरी साहेबराव करपे यांनी पत्नी व चार मुलांसह जीवनयात्रा संपविली. त्या घराला शेतीच्या तोट्याने ग्रासले होते, हे खरेच. पण तोट्यापायी लहान मुलांचेही पुढचे आयुष्य संपले असे वाटावे, यात आम्हाला कर्तेपणाच्या समजुतीचाही हात दिसतो. आपण हरलो म्हणजे घर हरले, अशी ती समजूत आहे.

जो वाचे, त्याला कायदा गुन्हेगार ठरवी. १८६० च्या दंडसंहितेत ३०९ वे कलम होते. त्यात एक वर्षापर्यंत कैद होती. एका पोलीस शिपायाच्या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाने १९८६ साली ते घटनाबाह्य ठरविले. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने ते पुन्हा वैध मानले. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने मात्र अशा माणसावर तीव्र ताण होता असे गृहीत धरून त्याच्या उपचारांची जबाबदारी सरकारवर टाकली. २०२३ च्या नव्या संहितेत ते कलम उरले नाही. कायदा बदलला, आपली जीभ बदलायची आहे. 'मर्द असून रडतोस?' हे वाक्य अजून घरोघर आहे.

आपल्या ऊसपट्ट्यातच पाहा. तोडीला नवरा-बायको येतात, दोघांचा मिळून एक कोयता धरतात. मोळ्या दोघे वाहतात. पण मुकादमाची उचल बहुधा पुरुषाच्या नावावर, आणि फिटली किती, राहिली किती, ही चिंताही तो एकटाच गिळतो. कष्ट दोघांचे असतील तर कर्जाचा हिशेबही दोघांनी मिळून करावा. युनियनच्या सभेत बोनसइतक्याच मोकळेपणाने कोणी 'रात्री झोप लागत नाही' म्हटले, तर त्याला हसू नये, त्याच्याजवळ बसावे. १४४१६ या क्रमांकावर 'टेली-मानस' ही सरकारी सेवा २०२२ पासून विनामूल्य सल्ला देते. तो क्रमांक कारखान्याच्या फाटकावर आणि सोसायटीच्या फळ्यावर ठळक लिहावा. एवढे काम या गावास अवघड नाही.